कौतुक डब्याचं, जबाबदारी दांड्याची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत घरी बांधलेल्या छोट्या कॅम्पर ट्रेलरवर दोन पानी सचित्र लेख आला. छायाचित्रांत गादी होती, इरकली अभ्र्यांच्या उशा होत्या, पिवळे दिवे होते, मागचं झाकण उघडून त्याखाली चहा उकळत होता. ट्रेलर गाडीला ज्यानं जोडतात तो पुढचा दांडा मात्र एकाही छायाचित्रात नव्हता. मजकुरातही त्याच्या वाट्याला एकच वाक्य आलं: चासी (म्हणजे डब्याखालचा लोखंडी सांगाडा) कुठलाही फॅब्रिकेटर आठवड्याभरात करून देतो. या वाक्यासाठी हे पत्र.

मी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झाले. सुरुवात बोर्ड, मिनी ड्राफ्टर आणि ट्रेसिंग पेपरवर केली, शेवट संगणकावर. चारचाकीच्या मागे जोडायचा, दोघांना झोपता येईल असा एक ट्रेलर आमच्याकडेही आहे. त्याचा डबा मी आखला आणि सुताराला हाताशी धरून आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये उभा केला. सोसायटीच्या सभेत त्यावर काय काय बोललं गेलं त्यासाठी वेगळं पत्र लिहावं लागेल. सांगायचं इतकंच, की मला या छंदाचं वावडं नाही. तुमचा लेख वाचून चार घरांत ट्रेलर बांधायला घेतले गेले तर मला आनंदच आहे. फक्त त्यांनी सुरुवात गादीपासून करू नये.

प्रकार तसा जुना आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेत पाण्याच्या थेंबाच्या आकाराचे असे ट्रेलर निघाले. आत फक्त झोपायची जागा आणि मागच्या डिकीत स्वयंपाक. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडच्या मासिकांतून ते घरी बांधायचे आराखडे छापून येत. माप बहुतेक आठ बाय चार फूट, कारण प्लायवुडची शीट आठ बाय चार. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात आजही तीच शीट मिळते, त्यामुळे त्या काळच्या आराखड्यांत आणि आपल्या सुताराच्या डोक्यात मापाचं भांडण होत नाही. भांडण होतं ते जाडीचं. आमच्या सुतारांचा आग्रह १९ एमएमचा. त्यांचं म्हणणं, "ताई, कपाटाला लावतो ते घराला नको का?" पण १९ एमएमची एक शीट पस्तीस किलोच्या वर जाते आणि १२ एमएमची बावीस-तेवीस किलोत बसते. अशा चार-पाच शीट धरल्या तर एका माणसाच्या वजनाइतका फरक पडतो. कपाट जागेवर उभं असतं, त्याला वजनाचं सोयरसुतक नसतं. शेवटी १२ एमएमच आणलं, पण आयएस ७१० छापाचं मरीन प्लाय. जाडीत जे वाचलं त्यातलं बरंचसं दर्जावर गेलं. छताच्या गोलाईला चार एमएमचे दोन थर, मध्ये गोंद, वर ॲल्युमिनियमचा पत्रा. डब्याबद्दल सध्या एवढं पुरे, कारण डबा कोणाचाही बरा होतो. चुकला तर गळेल, दार अडकेल, फार तर बायको-नवऱ्यात वाद होतील. दांडा चुकला तर तुमच्या मागून दुचाकीवर येणाऱ्या माणसाचा त्यात काय दोष?

मी चासीच्या चौकशीला नऱ्ह्याच्या बाजूला एका शेडमध्ये गेले होते. माणूस कामात तरबेज, वेल्डिंग देखणं. त्याच्याकडे तयार असलेल्या एका ट्रेलरचा दांडा त्यानं मला दाखवला. दोन चौकोनी पाइप तिरके पुढे आणून टोकाला जोडलेले, आणि मागे ते चासीच्या पुढच्या आडव्या पाइपाला नुसते तोंडाला तोंड लावून वेल्ड केलेले. मी शंका काढली तर म्हणाला, "काकू, ह्याच्यावर हत्ती उभा राहील." मी म्हटलं, "उभाच राहणार असेल तर माझी काही तक्रार नाही. पण हा चालणार आहे."

त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. पण सगळी गोष्ट तिथेच आहे. उभ्या वजनानं दांडा मोडत नाही. चालताना प्रत्येक खड्ड्यात त्याचं टोक वर-खाली होतं, म्हणजे त्याच जागी लोखंड एकदा ताणलं जातं, एकदा दाबलं जातं. सिंहगड रस्त्यावरून स्वारगेटला जाऊन परत आलात तरी हे किती वेळा होईल त्याचा अंदाज पुणेकरांना मी सांगायला नको. अशा हेलकाव्यांनी बारीक तडा जातो तो बहुधा वेल्डमध्ये नाही, तर वेल्डच्या अगदी कडेला, जिथे लोखंड तापून निवलेलं असतं आणि जाडी एकदम बदलते तिथे. तडा रंगाखाली लपतो. वाढत राहतो. पुढच्या तोंडाशी जोडलेल्या दांड्यात सगळा ताण नेमका त्या एका रेषेवर येतो.

उपाय साधा आहे आणि महागही नाही. दांड्याचे पाइप पुढच्या आडव्या पाइपाच्या खालून तसेच मागे न्यायचे, दुसऱ्या-तिसऱ्या आडव्या पाइपाला आणि शक्यतो कमानपाट्यांच्या ब्रॅकेटपर्यंत पोचवायचे. म्हणजे ताण एका रेषेवर न येता दोन-तीन फुटांत पसरतो. वेल्ड पाइपाच्या लांबीच्या बाजूंना घ्यायचं. खालच्या अंगाला आडवं ओढायचं नाही. ५० बाय ५० बाय ३ एमएमचा चौकोनी पाइप मीटरला साधारण साडेचार किलो भरतो, म्हणजे दोन्ही बाजूंना मीटर-मीटर जादा घेतला तरी वजनात नऊ किलोंची भर. गादी चार इंचांऐवजी तीन इंचांची घ्या, हवं तर.

अखेर चासी मी शिरूरकडच्या एका ट्रेलर करणाऱ्याकडून घेतली. त्याच्या लहान मालवाहू ट्रेलरमध्ये दांडा असाच आरपार होता आणि, ते महत्त्वाचं, त्याच्याकडे डिझाइनची मंजुरी आणि कागद होते. कागदांकडे मी येतेच.

त्याआधी गोळी आणि कप. गाडीच्या मागे बसवतात ती गोळी आणि दांड्याच्या टोकाला असतो तो कप. जगात दोन मापं फार चालतात, ५० मिलिमीटर आणि दोन इंच. दोन इंच म्हणजे ५०.८. डोळ्यांना हा फरक कळत नाही. पण दोन इंची कप ५० एमएमच्या गोळीवर बसवला की तो सैल राहतो, खडखडतो, झिजतो, आणि एखाद्या उंचवट्यावर उचलून निघू शकतो. जुन्या बाजारात अशा जोड्या दिसतात. स्वस्त असतात. व्हर्नियर कॅलिपर लावल्याशिवाय घेऊ नयेत, आणि एकीकडून गोळी, दुसरीकडून कप असं तर मुळीच करू नये. शिवाय दोन साखळ्या हव्यात. त्या कपाला न अडकवता थेट चासीला अडकवायच्या आणि दांड्याखाली एकमेकींना ओलांडून गाडीकडे न्यायच्या. कप सुटलाच तर दांड्याचं टोक त्या फुलीत अडकतं, रस्त्यात रुतत नाही. हे काम शंभर-दोनशे रुपयांच्या साखळीचं नाही. बोहरी आळीत साखळीवर किती टनांची ते विचारा. दुकानदार सांगू शकला नाही तर पुढच्या दुकानात जा.

आता वजनाची मांडणी. लेखात त्याबद्दल चकार शब्द नाही. माझं आजोळ भोर तालुक्यातलं. मामा बैलगाडी भरायचे तेव्हा पोती चढवून झाली की जुवाजवळ येऊन हातानं उचलून बघायचे. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झाला की माना दबतात. थोडं वजन पुढे हवंच, पण किती ते त्यांच्या हाताला कळायचं. ट्रेलरला अगदी हाच नियम लागू आहे, फक्त बैलांच्या जागी गाडी आहे आणि गाडी कुरकुरत नाही. अशा हलक्या ट्रेलरसाठी भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के वजन दांड्याच्या टोकावर असावं, असा ठोकताळा आहे. युरोपातल्या शिफारशी याहून थोड्या कमी आहेत, पण चाकांच्या मागे जास्त भार चालतो असं कोणीच म्हणत नाही.

आमचा ट्रेलर सामानासकट ४२० किलो आहे. वळणावरच्या भंगारवाल्याकडे इलेक्ट्रॉनिक काटा आहे. ट्रेलर सपाट जमिनीवर आडवा समतल ठेवून दांड्याचं टोक त्याच्या काट्यावर टेकवलं. काटा ४८ किलो. म्हणजे साडेअकरा टक्क्यांच्या आसपास, उत्तम. भंगारवाल्या भाऊंना वाटलं मी विकायला आणलाय.

मग मी सवयीनं कागद घेतला. गोळीपासून आसापर्यंतचं अंतर २.४ मीटर. मागच्या ओट्याखाली, आसाच्या एक मीटर मागे, पाण्याचा २० लिटरचा जार ठेवला तर टोकावरचं वजन आठ किलोंनी घटतं. दोन जार ठेवले तर ट्रेलर होतो ४६० किलोंचा आणि टोकावर उरतात जेमतेम ३१ किलो, म्हणजे सात टक्क्यांच्याही आत. लक्षात घ्या, ट्रेलर तोच, दांडा तोच, वेल्ड तेच. फक्त "पाणी मागे ठेवू, स्वयंपाकाला बरं पडेल" एवढ्या सोयीनं गणित बिघडलं. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी काढून मागच्या कपाटात ठेवणारेही आहेत. ती एकटी पन्नास किलोंच्या वर भरू शकते. म्हणून पाणी, बॅटरी, सुटं चाक ही सगळी जड मंडळी आसावर किंवा किंचित पुढे. मागे पातेली, कप, पोह्यांचा डबा.

मागे जड झालेला ट्रेलर गावात चाळीसच्या वेगानं शहाण्यासारखा येतो, हाच घोटाळा आहे. महामार्गावर वेग वाढला, शेजारून बस गेली, वाऱ्याचा धक्का बसला, की तो डावी-उजवीकडे झुलायला लागतो आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. उतारावर तर ट्रेलर गाडीला ढकलतच असतो. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता डोळ्यांसमोर आणा. तिथे काय काय घडतं ते आपल्याच अंकात छापून येतं. झोका सुरू झाला की माणूस घाबरून ब्रेक दाबतो आणि स्टीअरिंग उलटं फिरवतो. दोन्ही चूक. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टीअरिंग सरळ घट्ट धरायचं आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. उतार लागण्याआधीच खालचा गिअर. आमच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत, म्हणून त्याचं वजन मी वाढू दिलेलं नाही आणि वेग साठच्या वर जात नाही. साठचे ऐंशी केले तर गाडीला थांबवावी लागणारी ऊर्जा जवळजवळ पावणेदोन पट होते. युरोपात ७५० किलोंपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे नाहीत, हे आकडे दाखवून कोणी तुम्हाला धीर देईल. तिकडच्या त्या ट्रेलरपुढे किती वजनाची गाडी असते आणि रस्ता कसा असतो, तेही विचारा.

पुढे कोणती गाडी आहे हा प्रश्न तर सगळ्यांत आधी. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक कपाटातून काढा आणि ट्रेलर ओढण्याबद्दलचं पान वाचा. पुष्कळ छोट्या गाड्यांच्या पुस्तकांत ट्रेलर ओढू नका असंच स्पष्ट लिहिलेलं असतं. तुमच्या लेखातल्या छायाचित्रात पुढे एक चिमुकली हॅचबॅक उभी होती. ती फक्त छायाचित्रापुरती असावी अशी आशा करते. आमची जुनी बोलेरो आहे, चासीवर बांधलेली. विमा कंपनीला आम्ही लेखी कळवून ठेवलं आहे.

गतिरोधक हा पुणेरी पत्रलेखकांचा लाडका विषय आहे, तो टाळायचं ठरवलं होतं पण जमत नाही. भारतीय रस्ते काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मानकात गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, ताशी २५ किलोमीटरनं ओलांडता यावा, असं आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे तो मातीच्या बांधाइतका अरुंद आणि त्याच्याहून उंच. गाडीची मागची चाकं त्यावर चढतात तेव्हा ट्रेलरचं तोंड वर जातं आणि मागच्या झाकणाची खालची कड रस्ता खरवडते. मग ट्रेलरची चाकं चढतात आणि तोंड खाली दाबलं जातं. दांड्याच्या त्याच त्या रेषेवर पुन्हा एकदा वर, पुन्हा एकदा खाली. घरी परतल्यावर दर वेळी ह्यांच्या हातात विजेरी देते आणि दांड्याखाली झोपवते. रंगावर गंजाची बारीक रेघ दिसली तर ती रेघ रंगाची समजायची नाही. ह्यांना वाटतं हा निवृत्तीनंतरचा छळ आहे.

डब्याबद्दल एकच गोष्ट जीवावर बेतणारी आहे, ती हवेची. आठ बाय चारच्या डब्यात गोलाई वजा जाता साधारण तीन घनमीटर हवा मावते. दोन माणसं दार-खिडक्या बंद करून झोपली तर काही तासांत ती हवा शिळी होते, सकाळी डोकं धरतं आणि पत्र्याच्या आतून पाणी ठिबकतं. खाली दोन जाळीच्या झडपा आणि छतात एक पंखा, कधीही पूर्ण बंद न होणारे, एवढं हवंच. आत काहीही पेटवायचं नाही. स्टोव्ह नाही, शेगडी नाही, कोळसा तर नाहीच, डासांची कॉइलसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. थंडीच्या दिवसांत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. स्वयंपाक मागचं झाकण उघडून बाहेर करतात, त्यामागे हेच शहाणपण आहे. गॅसचा पाच किलोंचा सिलिंडर झोपायच्या जागेपासून वेगळ्या कप्प्यात, आणि त्या कप्प्याला तळाशी भोकं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो.

विजेचं फार लोक विचारतात. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी, दोन दिवे, एक पंखा, मोबाइल. बास. प्रत्येक वायरला बॅटरीजवळ फ्यूज. यापेक्षा जास्त हवं असेल तर लॉजमध्ये खोली घ्यावी.

आता कागद. मोटार वाहन कायदा १९८८ ट्रेलरला स्वतंत्र वाहन मानतो. नोंदणीची सगळी कलमं ट्रेलरलाही लागू आहेत, असं कलम ६१ सांगतं. ट्रेलरचा स्वतःचा क्रमांक त्याच्या बाजूवर हवा आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक मागे दिसायला हवा, हेही त्याच कलमात आहे. तुमच्या लेखातल्या ट्रेलरवर बाजूला मोराचं सुरेख चित्र होतं, क्रमांक नव्हता. नियम मला मान्य आहे. अडचण पुढे आहे. नोंदणीच्या अर्जाला, म्हणजे नमुना २०ला, विक्रीचा दाखला नमुना २१मध्ये आणि वाहन रस्त्यावर चालवण्याजोगं असल्याचं उत्पादकाचं प्रमाणपत्र नमुना २२मध्ये जोडावं लागतं. घरी बांधणाऱ्याला विक्रेता नाही आणि उत्पादकही नाही. मी मलाच ट्रेलर विकला असं लिहून द्यायचं का? मंजुरी असलेल्या माणसाकडून चासी घेतली म्हणून माझा प्रश्न सुटला. डबा त्यावर बोल्टांनी बसवलेला आहे, चालताना त्यात कोणी बसत नाही. पण "कुठलाही फॅब्रिकेटर" गाठणाऱ्या वाचकाला ट्रेलर रंगवून झाल्यावर हे कळेल. मग दोन प्रकार होतात. काही जण तो गावच्या शेतात नेऊन ठेवतात, त्यात कोंबड्या निजतात. बाकीचे तसाच रस्त्यावर आणतात, बिनक्रमांकाचा, बिनदिव्याचा. ऊस हंगामात अंधारात मागे एकही दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या जाताना ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चांगलं केलं. पण त्याचा भर मोठ्या, मोटारीवर बांधलेल्या कॅराव्हॅनवर आणि त्यांच्या तळांवर आहे. ज्यांच्या हातात कला आहे आणि खिशात दीड-दोन लाख आहेत, त्यांच्यासाठी त्यात फारसं काही नाही. माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. आपल्या नियमांत ट्रेलरचे वजनानुसार गट आहेत आणि पाऊण टनापर्यंतचा गट सगळ्यात खालचा. त्या गटात, स्वतःच्या वापरासाठी, एका व्यक्तीनं बांधलेल्या ट्रेलरला परिवहन खात्यानं वेगळा नमुना द्यावा. त्यात उत्पादकाच्या सहीऐवजी तपासणाऱ्याची सही असावी. तपासायचं काय, ते एका पानावर मराठीत छापावं: दांडा आणि त्याचे वेल्ड, गोळी-कपाचं माप, साखळ्या, भरलेलं वजन आणि टोकावरचं वजन, मागचे दिवे, रिफ्लेक्टर. यातलं काहीही तपासायला प्रयोगशाळा लागत नाही.

आणि प्रयोगशाळाच हवी असेल तर या शहरात कमी कशाची आहे? एआरएआय ही गाड्या तपासणारी १९६६ पासूनची संस्था. सकाळी वेताळ टेकडीवर फिरणारे कितीतरी लोक टेकडीला तिच्याच नावानं ओळखतात. देशभरातल्या गाड्या तिथे तपासणीला येतात. तेवढ्या मोठ्या माणसांना आमच्या चारशे किलोंच्या डब्यासाठी वेळ नसेल हेही समजू शकते. मग औंधच्या आयटीआयला सांगा. तिथल्या मुलांना वेल्डिंगचा तडा ओळखायला एरवी नमुने शोधावे लागत असतील, आम्ही स्वतः नेऊन दाखवू. तपासणीची फी घ्या. रंग खरवडून उघड्या लोखंडावर मारायचं तडा शोधणारं औषध, त्या लाल फवाऱ्याची बाटली, आमच्या कारखान्यात प्रत्येक शॉपमध्ये असायची. लाल रंग पुसून वर पांढरी पावडर मारली की तडा असेल तिथे लाल रेघ उमटते. दहावी पास मुलालाही ती दिसते.

मुक्कामाच्या जागेबद्दलही थोडं. पर्यटन विकास महामंडळाच्या कार्ला, पानशेत, माळशेज घाट, भंडारदरा इथल्या निवासांत अशा लहान ट्रेलरसाठी दोन-दोन सपाट जागा आखून द्याव्यात. आम्हाला खोली नको, नाश्ता नको. रात्री उघडं राहणारं स्वच्छतागृह आणि एक नळ, त्याचं रीतसर भाडं घ्यावं. सध्या आम्ही भाटघरच्या पाण्याकाठी ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक तुकड्यावर थांबतो, त्यांना पैसे देतो, कचरा परत आणतो. सगळ्यांचीच ओळख नसते. मग लोक धरणाच्या भिंतीशी नाहीतर वनखात्याच्या हद्दीत घुसतात आणि सगळ्यांच्याच नावानं बोंब होते.

संपादक महाशय, पुरवणीत या विषयावर पुन्हा काही छापणार असाल तर एक छायाचित्र दांड्याचं, खालून काढलेलं, जरूर छापा. वाचकांपैकी कोणी खरोखर बांधायला घेत असेल तर माझ्या हातची ड्रॉइंग, वजनाच्या तक्त्यासह, आपल्या कार्यालयात ठेवायला देईन. झेरॉक्सचे पैसे ज्याचे त्यानं द्यावेत. आणि नेणाऱ्यानं आधी आपल्या गाडीच्या पुस्तकातलं ते पान दाखवावं. त्यावर "ट्रेलर ओढू नये" असं असेल तर ड्रॉइंग देऊ नका.

आपली,
एक निवृत्त ड्राफ्ट्सवुमन,
सहकारनगर, पुणे